मोटार भरून आणली, पण ती जळली का होती?

यंत्रमागाच्या धंद्यात मोटार जळणे ही इतकी रोजची बाब झाली आहे की तिची चौकशी कोणी करीत नाही. माग थांबला, जळका वास आला, वायरमनने झाकण काढून मान हलवली, की मोटार गाडीच्या कॅरिअरला बांधून वाइंडिंगच्या दुकानात पोहोचते. दोन दिवसांनी भरून येते, बसवली जाते, आणि तीन-चार महिन्यांत तीच मोटार पुन्हा त्याच दुकानाच्या फळीवर दिसते. कारखानदार वाइंडरला दोष देतो, वाइंडर तारेला दोष देतो आणि दोघे मिळून विजेला दोष देतात.

आम्ही कापडाचे व्यापारी. मोटार हा आमचा धंदा नव्हे. परंतु माल वायद्यावर का आला नाही हे विचारायला कारखान्यात गेलो की निम्म्या वेळा उत्तर एकच मिळते, "शेठ, मोटार जळाली." या उत्तराचा पिच्छा पुरवता पुरवता आम्ही बरेच काही शिकलो आणि पुढे शौक म्हणून घराच्या मागच्या खोलीत एक टेबल, एक व्हाइस, एक ग्राइंडर आणि एक जुना लहान लेथ मांडून बसलो. त्या तजुर्ब्यावरून आमचे मत असे झाले आहे की वाइंडर जळालेली तार बदलतो, ती जळण्याचे कारण बदलत नाही. कारण कारखान्यातच राहिलेले असते आणि ते शोधणे हे मालकाचे काम आहे. त्याला डिग्री लागत नाही. थोडी हत्यारे, एक वही आणि आठवड्यातून अर्धा तास लागतो.

आधी नुकसानीचा हिशेब पाहू, कारण व्यापारी माणसाला तीच भाषा समजते. साधा माग मिनिटाला १६० पिक टाकतो असे धरा आणि कापड इंचाला ६० पिकांचे धरा. तासाला १६० इंच, म्हणजे चार मीटरहून थोडे अधिक कापड होते. धागा तुटणे, कांडी बदलणे यांत वेळ जातो, म्हणून ८० टक्के धरले तर सव्वातीन मीटर. बारा तासांच्या पाळीत ३९ मीटर. मोटार दोन दिवस दुकानात राहिली तर चार पाळ्या गेल्या, म्हणजे १५६ मीटर कापड गेले. त्यावर भरण्याची मजुरी, वायरमनची मजुरी आणि रिकाम्या बसलेल्या कामगाराचा रोज. वर्षातून तीन वेळा हे झाले तर त्या मागाने मालकाला काय दिले, हे ज्याने त्याने आपल्या वहीत पाहावे.

नेमप्लेट रंगवू नका

मोटारीच्या अंगावर एक छोटी पत्र्याची पाटी असते. पुष्कळ कारखान्यांत ती रंगाखाली गेलेली दिसते किंवा वाइंडरकडे पडून गेलेली असते. ही पाटी म्हणजे मोटारीचा जन्मदाखला. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले, त्यामुळे ही इंग्रजी अक्षरे आम्हालाही एक-एक विचारून घ्यावी लागली. म्हणून ती येथे सांगतो.

एचपी किंवा किलोवॅट म्हणजे ताकद. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, पाटीवर ०.७५ किलोवॅट लिहितात. व्होल्ट ४१५ आणि सायकल ५० हे आपल्याकडे तीन फेजचे ठरलेले आकडे. आरपीएम म्हणजे मिनिटाचे फेरे. चार पोलच्या मोटारीवर साधारण १४४० च्या आसपास आणि सहा पोलच्या मोटारीवर ९४० च्या आसपास आकडा असतो. विजेच्या चक्राप्रमाणे तो अनुक्रमे १५०० आणि १००० यायला हवा, पण या जातीची मोटार नेहमी थोडी मागे राहूनच ओढते. जुनी मोटार काढून नवी बसवताना हा आकडा न पाहता नुसती एचपी पाहिली, तर मागाची चाल बदलते आणि मग पुली बदलत बसावे लागते.

सर्वांत कामाचा आकडा अँपिअरचा. १ एचपीच्या तीन फेज मोटारीवर तो साधारण दोनच्या आसपास असतो. पाटीवर जो आकडा असेल तो वहीत लिहून घ्या. पुढची सगळी तपासणी या एका आकड्याशी ताडून करायची आहे. पाटीवर इन्सुलेशनचा क्लास म्हणून बी किंवा एफ असे अक्षर असते. बी म्हणजे आतल्या आवरणाची सहनशक्ती १३० अंशांपर्यंत, एफ म्हणजे १५५ पर्यंत. जाणकारांचा ठोकताळा असा की वाइंडिंग मर्यादेपेक्षा दहा अंश अधिक तापत राहिले तर त्याचे आयुष्य निम्म्यावर येते.

येथे एक गैरसमज दूर करतो. मोटारीच्या अंगावर हात ठेवून ती तापली की नाही हे पुष्कळ जण ठरवतात. माणसाचा हात साठ अंशांच्या पुढे टिकत नाही, आणि चांगली मोटार पूर्ण भारावर सत्तर अंशांवरही बिनधोक चालू शकते. तेव्हा हात भाजला म्हणून घाबरू नये. मात्र ओळीतल्या बाकीच्या मोटारींवर हात टिकतो आणि एकीवर टिकत नाही, तर ती एक नक्कीच आजारी आहे.

एक फेज गेली आणि टेस्टर मात्र पेटतो

जळालेल्या मोटारींपैकी आम्ही ज्या स्वतः उघडलेल्या पाहिल्या त्यांत सर्वांत जास्त बळी एका फेजच्या अभावाने गेलेले होते. तीन फेजच्या मोटारीला तीन तारांतून वीज मिळते. एका तारेचा फ्यूज उडाला, किटकॅटचा एक दात सैल झाला किंवा स्विचचा एक संपर्क काळा पडला, तर चालू असलेली मोटार थांबत नाही. ती उरलेल्या दोन तारांवर तेच काम ओढत राहते आणि त्या दोन तारांतला करंट जवळपास पावणेदोन पट किंवा त्याहून अधिक होतो. मागावरच्या गोंगाटात मोटारीचा बदललेला आवाज कामगाराच्या कानी पडत नाही. काही मिनिटांत आवरण करपते. तीच मोटार बंद करून पुन्हा चालू केली तर फिरत नाही, नुसती गुरगुरते. तेव्हा कामगार पट्टा हाताने ओढून तिला फिरवतो, ती फिरते, आणि सर्वांना वाटते की मोटार बरी झाली.

आता यातली गफलत पाहा. मालक टेस्टर घेऊन येतो, तिन्ही तारांना लावतो, तिन्हीवर दिवा पेटतो. तो म्हणतो, लाईट पूर्ण आहे. असे का होते? फिरती मोटार स्वतःच गेलेल्या फेजच्या टोकावर काही व्होल्टेज उभे करते. शेडमध्ये वीस-बावीस मोटारी चालू असतील आणि मेनचाच एक फेज गेला असेल, तर साऱ्या मोटारी मिळून त्या मेलेल्या तारेत जीव घालतात. टेस्टरच्या दिव्याला पेटायला एवढे पुरते. म्हणून चालू मोटारीची परीक्षा टेस्टरने करू नये. व्होल्टेजच्या आधारावर चालणारी स्वस्त सुरक्षा पेटी देखील याच कारणाने फसू शकते. करंट मोजणे हाच खरा उपाय.

त्यासाठी टंग टेस्टर नावाचे हत्यार घ्यावे. त्याचा जबडा उघडून एका तारेभोवती लावायचा, तार कापायची नाही, सोडायची नाही. तिन्ही तारांचे आकडे जवळपास सारखे असावेत आणि पाटीवरच्या आकड्याच्या आत असावेत. एका तारेत शून्य आणि दोघींत भरमसाट आला, तर माग तत्काळ बंद करा. जबड्यात तिन्ही तारा एकदम धरल्या तर आकडा शून्याजवळ येतो, हे नवशिक्याने लक्षात ठेवावे, नाही तर हत्यार बिघडले असे वाटते.

मोटार उघडल्यावरही हा रोग ओळखता येतो. स्टार जोडणीच्या मोटारीत एक फेज गेला असेल तर दोन फेजची वेटोळी काळी होतात आणि एकाची जशीच्या तशी लाखेच्या रंगाची राहतात. डेल्टा जोडणीत उलटे, एकाची जळतात आणि दोघांची शाबूत राहतात. सगळी वेटोळी सारखी काळी असतील तर भार जास्त होता, हवा मिळत नव्हती किंवा व्होल्टेज कमी होते. एकाच जागी छोटा खड्डा पडून तांबे वितळले असेल तर तेथे आवरणच फुटले होते. म्हणून मोटार वाइंडरकडे गेली की जुनी तार काढण्याआधी आपण स्वतः जाऊन पाहावे, मोबाईलमध्ये फोटो घ्यावा. एकदा तार कापून भंगारात गेली की पुरावा गेला.

उपाय काय? किटकॅटमध्ये फ्यूजची दुहेरी तार घालण्याची सवय मोडावी. तिन्ही फेज एकत्र तोडणारा तीन पोलचा ब्रेकर बसवला तर फ्यूज उडून एकच फेज जाण्याचा प्रकार थांबतो. परंतु मेनवरूनच फेज गेला तर साध्या ब्रेकरला ते लवकर कळत नाही. त्यासाठी मोटारीचा खास ब्रेकर किंवा स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले हवा आणि त्याची खूण पाटीवरच्या अँपिअरवर लावलेली हवी. आम्ही अनेक शेडमध्ये पाहिले की रिले आहे, पण तो वारंवार पडतो म्हणून कोणीतरी खूण शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवून ठेवली आहे. हे म्हणजे ताप मोजणारे यंत्र बंद करून रोगी बरा झाला असे समजणे होय.

व्होल्टेजचा असमतोल

तिन्ही फेज हजर आहेत, पण सारखे नाहीत, हा दुसरा छुपा आजार. एका फेजवर दिवे, पंखे, कांडी मशीन, शेजारच्या घराचे कनेक्शन असे ओझे पडले की तो फेज खाली बसतो. मल्टिमीटरने दोन-दोन तारांमधले व्होल्टेज मोजा. समजा ४१५, ४१० आणि ३९० आले. सरासरी ४०५. तिच्यापासून सर्वांत दूरचा आकडा १५ ने दूर, म्हणजे ३.७ टक्के असमतोल. आकडा किरकोळ दिसतो. पण ठोकताळा असा की या टक्क्याचा वर्ग करून दुप्पट करावी, तेवढे टक्के मोटारीचे तापणे वाढते. येथे ते २७ टक्क्यांच्या घरात जाते. एक-दोन टक्के चालून जाईल, तीनच्या पुढे गेले की दिव्यांचा भार तिन्ही फेजवर वाटून घ्या. वाटूनही फरक राहिला तर तो बाहेरून येतो आहे, आणि मग आकडे व वेळ लिहून लेखी तक्रार करावी. नुसते "लाईट खराब आहे" म्हणून कोणी हलत नाही.

तिन्ही फेज सारखे कमी असले तरी नुकसान आहेच. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो. व्होल्टेज १० टक्के उतरले तर जोर ८१ टक्के उरतो. मागाला सुरू होताना पहिल्याच पिकाला पूर्ण चाल लागते, नाही तर कापडात पट्टी पडते. व्यापारी माल तपासताना सुरुवातीची पट्टी पाहून विणकराला बोल लावतो, आणि दोष असतो व्होल्टेजचा.

तंतू आणि धूळ यांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण हे सर्वांना ठाऊक आहे आणि तरी कोणी करीत नाही. सुताचा तंतू मोटारीवर बसला की तिच्यावर रजई पांघरल्यासारखे होते. कापडाच्या कारखान्यासाठी बनवलेल्या बऱ्याच मोटारी याच कारणाने पूर्ण बंद असतात. त्यांच्या जागी पाण्याच्या पंपाची उघडी मोटार स्वस्तात मिळाली म्हणून बसवू नये. आठवड्यातून एकदा माग बंद करून कोरड्या ब्रशने अंग आणि मागची पंख्याची जाळी साफ करावी. हवेच्या नळीने फुंकले तर तंतू शेजारच्या मोटारीत जातो.

बेअरिंगचा आवाज

दोन्ही टोकांच्या बेअरिंगवर मोटारीचा फिरणारा भाग तरंगत असतो आणि त्याच्या व बाहेरच्या पत्र्यांच्या मधली फट मिलिमीटरच्या अंशाइतकीच असते. बेअरिंग झिजले की फिरता भाग खाली बसतो, पत्र्यांना घासतो, आणि चांगले वाइंडिंगही फुकट जाते. मोटार उघडल्यावर आतल्या पत्र्यांवर एका बाजूला चकाकी दिसली तर समजावे की मूळ रोग बेअरिंगचा आहे. अशा मोटारीत बेअरिंग न बदलता तार भरणे म्हणजे पैसे पाण्यात.

बेअरिंगचा नंबर वाचणे सोपे आहे. ६२०४ म्हटले की शेवटच्या दोन अंकांना पाचाने गुणा, २० मिलिमीटर हे त्याचे आतले भोक. ६२०५ चे २५. चारच्या खाली मात्र हा हिशेब चालत नाही. ६२०३ चे भोक १७ आणि ६२०२ चे १५ असते. नंबरानंतर दोन झेड असतील तर बाजूला पत्र्याची झाकणे, आरएस असेल तर रबराची. शेवटी सी३ लिहिले असेल तर आतली फट जरा मोठी, तापणाऱ्या जागेसाठी. जुन्यावर जे लिहिले असेल तेच नवे आणावे. बाजारात नामांकित कंपनीच्या डब्यात नकली माल पुष्कळ मिळतो, तेव्हा ओळखीच्या दुकानातून पक्क्या बिलावर घ्यावे.

बेअरिंग काढायला पुलर वापरा. तीन पायांचा लहान पुलर फार महाग नाही आणि तो आयुष्यभर टिकतो. बसवताना हातोडीचा घाव कधीही बाहेरच्या कड्यावर पडू देऊ नये. तसे केले तर घाव गोळ्यांमधून आत जातो, वाटेवर बारीक खड्डे पडतात आणि नवे बेअरिंग पहिल्या दिवसापासून कुरकुरते. आतल्या कड्यावर बरोबर बसेल असा पाइपचा तुकडा घ्या आणि त्यावरून हलके ठोके मारा. उघडे बेअरिंग असेल तर तेलात शंभर अंशांपर्यंत गरम केले की हाताच्या दाबाने बसते. रबरी झाकणाचे बेअरिंग मात्र तेलात टाकू नये.

ग्रीसबाबत आपल्या कारागिरांचा हात फार सैल आहे. बेअरिंगमधल्या रिकाम्या जागेचा तिसरा हिस्सा ते अर्धा भाग एवढेच ग्रीस हवे. ठासून भरले तर गोळ्या ते घुसळत बसतात, ते तापते, पातळ होऊन वाइंडिंगवर जाते आणि त्यावर तंतू चिकटतो. एका जातीच्या ग्रीसवर दुसऱ्या जातीचे भरू नये, जुने पुसून काढावे.

बेअरिंग वारंवार जात असेल तर दोष त्याचा नसून पट्ट्याचा असतो. पट्टा घसरतो म्हणून कामगार मोटार मागे सरकवून तो ताणतो आणि सगळा ताण पुलीकडच्या बेअरिंगवर येतो. दोन्ही पुल्यांवर सरळ पट्टी किंवा दोरी धरून त्या एका रेषेत आहेत का ते पाहा. तिरपी पुली असेल तर पट्टा कितीही ताणला तरी घसरणारच.

शाफ्टवरची जागा झिजून बेअरिंग सैल बसत असेल तर आपल्याकडे शाफ्टला चारी बाजूंनी पंच मारण्याचा रिवाज आहे. पंचाने धातूचे टेकाड उठते, बेअरिंग घट्ट वाटते, पण ते टेकाडांच्या टोकांवर उभे असते. थोड्याच दिवसांत टेकाडे दबून पुन्हा सैल होते, आणि तेही वाकडे. खरा उपाय म्हणजे शाफ्टवर भर टाकून लेथवर पुन्हा मापात आणणे किंवा पातळ बाही चढवणे. २० मिलिमीटरच्या जागेचे माप पूर्ण २० किंवा त्याहून केसभर, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतके अधिक यावे. हे मोजायला व्हर्निअर पुरत नाही, मायक्रोमीटर लागतो.

घरचा लेथ आणि घरचा ग्राइंडर

ज्या तरुणांना हाताने काही करण्याचा शौक आहे त्यांनी घरात एक टेबल मांडावे, असे आम्ही आग्रहाने सांगतो. पहिल्या दिवशीच लेथ घेऊ नये. मजबूत व्हाइस, दोन-तीन कानशी, पान्ह्यांचा संच, मल्टिमीटर, टंग टेस्टर, पुलर आणि व्हर्निअर एवढ्यावर वर्षभर शिकायला पुरेसे काम मिळते. इन्सुलेशन तपासणारा मेगर महाग वाटला तर चार कारखानदारांनी मिळून घ्यावा.

लहान लेथचा आपल्या धंद्यात खरा उपयोग गन मेटलचे बुश वळण्यासाठी होतो. मागाच्या शाफ्टखालचा बुश झिजला की आवाज वाढतो, मोटारीवर भार पडतो, आणि बाजारी बुश पुष्कळदा मापात नसतो. २५ मिलिमीटरच्या शाफ्टला बुशाचे भोक साधारण मिलिमीटरचा विसावा भाग मोठे ठेवावे, म्हणजे तेलाला जागा राहते. फेऱ्यांचा हिशेब असा की कापण्याची चाल मिनिटाला मीटरमध्ये घ्या, हजाराने गुणा, नगाच्या व्यासाला ३.१४ ने गुणून त्याने भागा. साध्या पोलादाला हायस्पीड स्टीलच्या हत्याराने ३० मीटरची चाल धरली तर २५ मिलिमीटरच्या नगाला सुमारे ३८० फेरे येतात. हत्याराची धार नगाच्या बरोबर मध्यरेषेवर असावी. धार वर गेली तर हत्यार कापण्याऐवजी घासते, खाली गेली तर नग त्याच्यावर चढू पाहतो. चकची चावी चकमध्ये विसरून लेथ चालू करणे ही जीवघेणी चूक आहे. म्हणून उस्ताद लोक शिष्याला सांगतात की चावी एक तर चकमध्ये हातात धरलेली असावी, नाही तर टेबलावर. कुर्त्याची सैल बाही, गळ्यातला रुमाल, हातमोजे यांना लेथजवळ मनाई.

ग्राइंडरची मोटार बहुधा एक फेजची असते. ती नुसती गुरगुरत असेल आणि फिरत नसेल, तर वाइंडिंग जळाले असे लगेच समजू नये. सुरुवातीचा कंडेन्सर गेलेला असतो किंवा आतला आपोआप सुटणारा स्विच धुळीने अडकलेला असतो. चांगल्या मोटारीत बंद होताना चाल मंदावली की त्या स्विचचा "टक" असा आवाज येतो. तो येत नसेल तर आधी तेथे पाहा. कंडेन्सरला हात लावण्यापूर्वी त्याची दोन टोके होल्डरमधल्या बल्बच्या तारांना लावून रिकामा करा. वीज बंद केल्यावरही त्यात झटका साठलेला राहतो. दगड बदलताना त्यावर लिहिलेले फेरे मोटारीच्या फेऱ्यांपेक्षा जास्त आहेत का ते पाहावे. बसवण्यापूर्वी दगड बोटावर टांगून लाकडी मुठीने वाजवावा. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर त्याला तडा आहे, तो फेकून द्यावा.

वाइंडरशी बोलताना

इतके करूनही मोटार कधीतरी जळणारच. तेव्हा वाइंडरला स्वस्त भाव विचारण्याऐवजी आधी जुन्या तारेचे गेज आणि प्रत्येक खाचेतले वेढे मोजून कागदावर लिहून मागा, आणि भरतानाही तेच घालायला सांगा. एक-दोन वेढे कमी घातले तर त्याचे तांबे वाचते आणि तुमची मोटार कायमची जास्त करंट खाते. तार तांब्याची आहे की लाख चढवलेली ॲल्युमिनियमची, हे ब्लेडने खरवडून पाहता येते. आत पांढरे दिसले तर समजून जा. वजनातही ॲल्युमिनियम तांब्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेच भरते.

जुनी तार सुटावी म्हणून काही दुकानांत मोटारीचे अंग सरळ आगीत टाकतात. त्याने आतले पातळ पत्रे एकमेकांपासून वेगळे ठेवणारा थर जळतो आणि पुढे मोटार रिकामी चालतानाही तापते. हे नुकसान डोळ्यांना दिसत नाही, बिलात दिसते. १ एचपीची मोटार पूर्ण भारावर धरली आणि तिची कार्यक्षमता ७५ वरून ७२ टक्क्यांवर आली, तर ती ४१ वॅट जास्त ओढते. वर्षाला सहा हजार तास चालली तर सुमारे २५० युनिट. चोवीस मागांचे सहा हजार युनिट झाले. आपला दर लावून गुणाकार करावा आणि मग वाइंडरने कमी केलेल्या शंभर-दोनशे रुपयांशी तो ताडून पाहावा. दोन-तीन वेळा भरलेली मोटार पुन्हा भरण्यापेक्षा भंगारात घालणे कधी कधी फायद्याचे ठरते.

बराच काळ बंद राहिलेल्या शेडसाठी वेगळी सूचना आहे. २०२० च्या लॉकडाऊननंतर माग सुरू करताना पुष्कळ मोटारी पहिल्याच दिवशी गेल्या, कारण ओल आत शिरली होती. आपल्याकडे पावसाळ्यानंतर हेच होते. आधी मेगर लावून वाइंडिंग आणि अंग यांमधला अडथळा पाहावा. ४१५ व्होल्टच्या मोटारीला ५०० व्होल्टचा मेगर लावतात आणि एक मेगओहमपेक्षा कमी आला तर ती चालू करू नये. झाकण काढून आत जुन्या पद्धतीचा तारेचा शंभर वॅटचा बल्ब रात्रभर पेटता ठेवला की ओल उडते. बल्ब वाइंडिंगला टेकू देऊ नये, शेजारी तंतू नसावा आणि कोणीतरी जागे असावे.

आता अर्थिंग. मोटारीचे आवरण फुटले आणि वीज अंगात उतरली तर ती अर्थिंगच्या तारेने जमिनीत जाऊन फ्यूज उडायला हवा. तार तुटलेली असेल तर मागाचे सगळे लोखंड जिवंत होते आणि घामाने ओला झालेला विणकर त्याला टेकून उभा असतो. घरातल्या शेडमध्ये तर तेथेच बायका कांड्या भरतात, लहान मुले खेळतात. प्रत्येक मोटारीच्या अंगापासून अर्थिंगपर्यंत अखंड तार आहे का हे मल्टिमीटरने तपासा, पाण्याच्या नळाला गुंडाळलेल्या तारेवर विसंबू नका. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घाला. घरच्या टेबलाला आणि कांडी मशीनला ३० मिलिअँपिअरचा गळती ओळखणारा स्विच बसवा आणि महिन्यातून एकदा त्याचे टेस्टचे बटण दाबून तो पडतो का पाहा. मोटार उघडायची असेल तेव्हा किटकॅट काढून तिथेच बाजूला ठेवू नये, आपल्या खिशात ठेवावा. दुसऱ्या पाळीचा माणूस येतो, माग बंद दिसतो, किटकॅट खाली पडलेला दिसतो, आणि तो चांगल्या हेतूने उचलून लावतो.